टालिनमध्ये ऐकलेले दोन गंधार

टालिनच्या नगरभवनासमोरच्या चौकात एक औषधाचं दुकान आहे. १४२२ सालच्या नोंदीत त्याचा उल्लेख सापडतो, आणि त्या वेळीसुद्धा ते तिसऱ्या मालकाच्या हातात होतं. आजही तिथे सर्दीवरचं औषध मिळतं. त्याच्या पायरीवर उभी राहून मी मनातल्या मनात सालं जुळवत होते. १४२२ मध्ये ग्योम दुफाय पंचविशीच्या आसपास असेल. युरोपात रेनेसां संगीताची पहाट ज्यांच्या रचनांनी झाली, त्यांतला हा अग्रणी. त्याची गाणी या शहरात अजून वाजतात, आणि तीही त्याच्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर. त्याच बैठकीत, त्याच वाद्यांवर, आपल्या हयातीतल्या रचनाकाराचं संगीतही वाजतं. मधली पाचशे वर्षं कानाला जाणवत नाहीत. हे खरं आहे का, ते ऐकायला मी एस्टोनियात आले होते.

देश लहान. लोकसंख्या तेरा-चौदा लाख. पण १८६९ पासून इथे गाण्याचा महोत्सव भरतो आणि त्यात हजारोंचा समूह एकाच वेळी गातो. १९८८ च्या उन्हाळ्यात लोक गाण्याच्या मैदानावर लाखाच्या वर जमले आणि सोव्हिएत सत्तेच्या डोळ्यांदेखत आपली गाणी म्हणत राहिले. तीन वर्षांनी देश स्वतंत्र झाला. ज्या देशाच्या राजकारणातच गाणं आहे, तिथे संगीताचा एखादा प्रवाह जन्माला आला तर नवल नाही. मला नवल वाटलं ते तो ज्या वाटेनं आला त्या वाटेचं.

त्या वाटेवरचा माणूस म्हणजे आर्वो पॅर्ट. जन्म १९३५ चा, पाइदे या गावातला. घरातल्या पियानोच्या मधल्या सप्तकांतल्या पट्ट्या बिघडलेल्या होत्या, म्हणून हा मुलगा दोन टोकांकडच्या पट्ट्यांवर प्रयोग करत बसायचा, असं सांगतात. पुढे टालिनच्या संगीत विद्यालयात शिक्षण झालं आणि एस्टोनियाच्या आकाशवाणीवर ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाची नोकरी मिळाली. तरुणपणी तो त्या काळच्या अगदी नव्या पद्धतीनं लिहायचा. बाराही स्वरांना सारखाच मान देणारं, कानाला खडे टोचल्यासारखं वाटणारं ते संगीत. १९६८ मध्ये त्याची ‘क्रेडो’ ही रचना वाजली. तिच्यात ख्रिस्तावरच्या श्रद्धेचा उघड उच्चार होता. सत्ताधारी खवळले आणि रचना अघोषित बंदीत गेली. त्यानंतर पॅर्ट जवळजवळ गप्प झाला. १९७१ ची तिसरी सिम्फनी सोडली, तर १९७६ पर्यंत नाव घेण्यासारखं त्यानं फारसं काही बाहेर काढलं नाही.

गप्प म्हणजे रिकामा नव्हे. या वर्षांत तो वह्यांमागून वह्या एकेरी सुरावटींनी भरत होता. ग्रेगोरियन मंत्रगायन, पॅरिसच्या नोत्र दाम घराण्याचं बाराव्या-तेराव्या शतकातलं गाणं, माशो, आणि मग पंधराव्या शतकातले ओकेगेम, ओब्रेख्त, जोस्कँ. या सगळ्यांपुढे तो नवशिक्यासारखा बसला. त्याच काळातली एक गोष्ट त्यानं स्वतः अनेकदा सांगितली आहे. रस्ता झाडणाऱ्या एका माणसाला त्यानं विचारलं, रचनाकारानं संगीत कसं लिहावं? तो माणूस म्हणाला, त्याला एकेका सुरावर प्रेम करावं लागेल. पॅर्टच्या म्हणण्याप्रमाणे असं उत्तर त्याला कुठल्याच संगीतकाराकडून मिळालं नव्हतं.

याच सुमाराला, १९७२ मध्ये, आंद्रेस मुस्तोनेन या विशीही न गाठलेल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यानं टालिनमध्ये ‘होर्तुस मुसिकुस’ नावाचा वाद्यवृंद काढला. मध्ययुग आणि रेनेसांचं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवायचं, हे त्यांचं काम. सोव्हिएत राजवटीत ही चैन नव्हती, धाडस होतं. चर्चचं संगीत म्हणून जे दडपलं गेलं असतं, ते इतिहास म्हणून वाजवता येत होतं. पॅर्टची आणि या तरुणांची गाठ पडली. ऑक्टोबर १९७६ मध्ये टालिनच्या ‘एस्टोनिया’ सभागृहात होर्तुस मुसिकुसनं पॅर्टच्या नव्या रचना पहिल्यांदा लोकांपुढे आणल्या. ‘टिन्टिनाबुली’ म्हणून आज जगभर ओळखली जाणारी त्याची शैली लोकांनी पहिल्यांदा ऐकली ती पाचशे वर्षांपूर्वीच्या घडणीच्या वाद्यांतून. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून खात्री करून घेतली होती.

त्या काळातली नावं पाहिली तरी दडपण किती होतं ते कळतं. बायबलमधल्या साराची कथा पोटात असलेली रचना आधी ‘मोडुस’ या कोरड्या नावानं आली. बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं स्तोत्र ‘इन स्पे’ म्हणून आलं. १९७७ च्या ‘सुम्मा’मध्ये तर पुन्हा श्रद्धेचा उच्चार आहे, ज्यावरून नऊ वर्षांपूर्वी गदारोळ झाला होता. फक्त या वेळी वेष्टनावर त्याचा पत्ता नव्हता. १९८० मध्ये पॅर्टला सहकुटुंब देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. तो परतला २०१० मध्ये.

टिन्टिनाबुलीची रीत समजायला सोपी आणि पाळायला कठीण. दोन ओळी. एक ओळ सप्तकाच्या पायऱ्या एकेक करून चढते-उतरते, उडी मारत नाही. दुसरी ओळ फक्त तीन स्वरांवर राहते: षड्ज, गंधार, पंचम. पहिली भटकते, दुसरी घर सोडत नाही. पहिलीच्या प्रत्येक स्वरासोबत दुसरीचा कुठला स्वर यायचा, हेही आधीच ठरलेलं असतं. लहरीला जागा नाही. म्हणून या संगीताला मिनिमलिझमच्या रांगेत बसवतात: थोडे स्वर, ठरलेली प्रक्रिया, तिची पुनरावृत्ती.

पण मिनिमलिझम म्हटलं की डोळ्यांपुढे न्यूयॉर्क येतं, आणि तिथल्या वाटेवर आपलं मिरज लागतं. टेरी रायली आणि ला मॉन्टे यंग हे अमेरिकन मिनिमलिझमचे दोन आद्य पुरुष १९७० पासून पंडित प्राणनाथांचे शागीर्द होते. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या वहीद खाँसाहेबांचे शिष्य, आणि वहीद खाँसाहेब हे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे नातलग. मिरजेच्या तंबोऱ्याचा अखंड षड्ज हडसनच्या काठावरही पोचला होता. ज्या वर्षी टालिनला पॅर्टचा कार्यक्रम झाला, त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह राइशचं ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ पहिल्यांदा वाजलं. एकाच वर्षात दोन शहरांत थोड्या स्वरांचं, आवर्तनांचं संगीत उभं राहिलं, पण टालिनचं संगीत न्यूयॉर्कहून आलं नव्हतं. ते पंधराव्या शतकातून आलं होतं.

हे पुस्तकातलं वाक्य आहे असं कोणी म्हणेल. ते कानानं पटलं ते निगुलिस्ते चर्चमध्ये.

निगुलिस्ते म्हणजे संत निकोलसचं देऊळ, तेराव्या शतकातलं. मार्च १९४४ च्या बॉम्बवर्षावात ते जळलं. मग पुन्हा बांधून १९८४ पासून तिथे संग्रहालय आहे आणि गाण्याच्या मैफली होतात. आत गेल्यावर आधी दिसते ती मुख्य वेदी, ल्युबेकच्या हेर्मेन रोडेनं १४८१ मध्ये पुरी केलेली. एका बाजूच्या दालनात बेर्न्ट नोत्केचं ‘मृत्यूचं नृत्य’ आहे. मूळ लांबलचक चित्राचा काही मीटरांचाच तुकडा उरलाय. त्यात पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा असे सगळे एकेका सांगाड्याचा हात धरून नाचताहेत. डाव्या टोकाला एक सांगाडा बसून मशकवाद्य वाजवतोय. मशकवाद्य म्हणजे एका सुराची अखंड धार आणि तिच्यावर धून. मैफल सुरू व्हायला वेळ होता, म्हणून मी त्या सांगाड्यापुढे बराच वेळ उभी राहिले. ज्या संगीताच्या ओढीनं मी इतक्या लांब आले होते, त्याचा आराखडा चित्रकारानं तिथे आधीच काढून ठेवला होता.

वादक तरुण होते, एक-दोन पन्नाशीपुढचे. वाद्यं लावायला त्यांनी जो वेळ घेतला, तो कुणा अधीर श्रोत्याला जास्त वाटला असता. मला त्यात मिरजेची सवय आठवली, जिथे तंबोरा लागल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही. व्हायल म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं तंतुवाद्य. तारा आतड्याच्या, आणि मानेवरचे पडदेसुद्धा आतड्याचीच दोरी गाठ मारून बांधलेले. ते सरकवता येतात. एका वादकानं मधला पडदा नखानं केसभर वर ढकलला, गज फिरवून ऐकलं, पुन्हा थोडा खाली आणला. गज धरण्याची पद्धतही निराळी: तळहात वरच्या बाजूला, बोटं गजाच्या केसांना खालून टेकलेली. केसांवरचा ताण बोटांनीच कमी-जास्त करायचा.

माझ्या सगळ्यात जवळ क्रुमहॉर्न होता. खाली हुकासारखा वळलेला लाकडी नळा. त्याची दुहेरी पत्ती एका टोपीच्या आत झाकलेली असते, त्यामुळे वादकाचे ओठ पत्तीला लागतच नाहीत. टोपीच्या भोकातून फुंकायचं, एवढंच. जेमतेम नऊ स्वरांची धाव. आणि जोरानं फुंकलं की आवाज मोठा होण्याऐवजी सूर चढतो, म्हणून एकाच दाबानं फुंकत राहावं लागतं. रेकॉर्डर या उभ्या लाकडी बासरीचंही तसंच. त्या संध्याकाळचं मर्म मला इथे सापडलं. आधुनिक व्हायोलिन किंवा सनईच्या घराण्यातलं ओबो हे वाद्य एका सुरातच फुगू शकतं, दबू शकतं, थरथरू शकतं. वादकाला तिथे भावना घालता येते. क्रुमहॉर्नवर तसं काही करता येत नाही. सूर लागतो, राहतो, थांबतो. जे काही सांगायचं ते कुठला सूर कुठल्या सुरानंतर आणि कुठल्या सुरासोबत आला यानंच सांगायचं. पॅर्टची रीत नेमकी हेच मागते.

पहिल्यांदा ओकेगेमच्या ‘मिसा प्रोलात्सिओनुम’मधला पहिला भाग वाजला. ही रचना मुळात गळ्यांसाठीची, पण त्या काळात गायकांच्या ओळी वाद्यांवर वाजवणं नवं नव्हतं. तिची करामत कागदावर पाहायला हवी. ओळी लिहिलेल्या दोनच, गायक मात्र चार. प्रत्येक ओळ दोघांनी वाचायची, एकत्रच सुरू करायची, पण आपापल्या खुणेनुसार वेगवेगळ्या लयीत. ठाय आणि दुगण एकाच वेळी, एकाच चालीची, असं काहीसं. फरक इतका की इथली लयींची नाती आणखी गुंतागुंतीची, कुठे दोनाची तर कुठे तिनाची. एक आवाज दुसऱ्याला मागे टाकतो, अंतर वाढत जातं, आणि तरीही दोघं एकच बोलत असतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसानं नियम मांडला आणि त्या नियमाला स्वतःचं गाणं गाऊ दिलं. विसाव्या शतकात ‘प्रक्रिया संगीत’ म्हणून ज्याचा बोलबाला झाला, त्याचा पाया इथे भरलेला आहे.

टाळ्यांसाठी न थांबता रेकॉर्डरवादक उभे राहिले. त्यांत हातात मावणारे रेकॉर्डर होते आणि जमिनीवर टेकवलेले, वादकाच्या खांद्यापर्यंत पोचणारेही. तिघांच्या हातात धातूचे त्रिकोण. ‘आर्बोस’, म्हणजे झाड, १९७७ ची रचना. पॅर्टनं ती रेकॉर्डर आणि तीन त्रिकोणांसाठीच लिहिली होती. पितळी वाद्यांची प्रत पुढच्या काळातली. दोन-अडीच मिनिटांची चीज. एकच सुरावट तीन गतींत: वरचे लहान रेकॉर्डर चपळ, मधले निम्म्या गतीचे, तळातले त्याच्याही निम्मे. डहाळ्या हलताहेत, फांद्या सावकाश डोलताहेत आणि खोड जवळजवळ स्थिर. ओकेगेम संपून जेमतेम क्षण गेला होता. दोन्हींची बांधणी एकच आहे हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या मृत्यूनंतर पॅर्टनं लिहिलेला प्रसिद्ध ‘कान्तुस’ही याच जातीचा, उतरत्या सप्तकाचे एकावर एक थर असलेला आणि प्रत्येक थर आधीच्या निम्म्या गतीचा. मात्र तिथे आधुनिक तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे आणि आवाज ढगासारखा पसरतो. इथे झाडाची एकेक फांदी मोजता येत होती.

मध्ये दुफायची दोन गाणी झाली. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. दुफायच्या आधी युरोपात पंचम, मध्यम आणि षड्ज-षड्जाचं सप्तक हेच पक्के संवाद मानले जात. गंधाराला गोड म्हणायला त्यांना उशीर लागला. इंग्रज संगीतकारांकडून ती गोडी खंडावर आली, आणि दुफायच्या पिढीनं गंधाराच्या अंतरानं समांतर चालणाऱ्या आवाजांवर अक्षरशः जीव टाकला. ती हवा त्या गाण्यांत अजून ताजी आहे. कान त्यावर विसावतो.

मग ‘फ्रात्रेस’. साल पुन्हा १९७७. मुळात कुठल्याही ठरावीक वाद्यासाठी लिहिलेलं नाही, तीन ओळी आणि एक अखंड खर्ज एवढंच. आणि ते होर्तुस मुसिकुसनं वाजवावं म्हणून लिहिलेलं. पुढे व्हायोलिन-पियानोपासून बारा चेलोंपर्यंत त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, चित्रपटांतही ते गेलं. बहुतेकांच्या कानावर पडलं ते त्या रूपांत. मीही तेच ऐकून आले होते.

तळाच्या व्हायलवर खर्ज सुरू झाला. षड्ज आणि पंचम, बाकी काही नाही. आतड्याच्या तारेतला पंचम मोकळा आणि खरखरीत असतो, त्यात उपस्वर ऐकू येतात. तो सुरू झाल्यावर पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. मराठी घरात गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला त्या दोन सुरांपुढे परकं वाटणं शक्य नाही. वर ढोलाचा एक संथ ठोका आणि लाकडाची टकटक, आणि मग तीन आवाज एकदम. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची ओळ एकमेकींपासून सप्तक ओलांडून पुढच्या गंधाराच्या अंतरावर, हातात हात घालून चालणारी. दुफायची ती गोडी इथे आली होती, आणि तिच्याखाली त्याच्याही आधीच्या युगातला नागडा पंचम होता.

षड्ज मनात धरून मी स्वर ओळखायचा प्रयत्न केला. कोमल रिषभ. शुद्ध गंधार. शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. हे बसंत मुखारीचे स्वर! पूर्वांगात भैरव, उत्तरांगात भैरवी. अर्थात हा राग नव्हे. इथे चलन नाही, वादी-संवादी नाही, आळवणी नाही. पाश्चात्त्य नजरेतून पाहिलं तर हे दुसऱ्याच स्वरावरून मोजलेलं एक सप्तक आहे. पण खर्ज जिथे धरलाय तिथून मोजलं तर स्वर हेच येतात, आणि आपला कान खर्जापासूनच मोजतो.

खरा चमत्कार मधल्या ओळीत आहे. ती टिन्टिनाबुलीची ओळ, तीनच स्वरांची: षड्ज, पंचम आणि गंधार. पण हा गंधार कोमल. म्हणजे कडेच्या दोन ओळींत शुद्ध गंधार आणि मधल्या ओळीत कोमल गंधार, एकाच रचनेत, नियमानं. चाल पुढे सरकते तसे ते कधी लांबून एकमेकांना पाहतात, कधी अगदी खेटून जातात. आधुनिक वाद्यांवर हा खडा स्वरकंपात बुडून जातो, मलमलीखाली झाकल्यासारखा. क्रुमहॉर्न आणि व्हायलवर तो उघडा राहतो. दगडी छताखाली एक गंधार विरायच्या आत दुसरा येऊन पोचला, आणि क्षणभर हवेत दोन्ही होते. आमच्याकडे जोग रागात दोन्ही गंधार लागतात, पण एकामागून एक, जाणत्या कलावंताच्या निवडीनं. इथे निवड कोणाचीच नव्हती. नियम चालत होता आणि त्याच्या चालण्यात ते दुःख तयार होत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तीच चाल पुन्हा आली, या वेळी एका तृतीयांतरानं खालून सुरू झाली. मध्ये पुन्हा तो ढोल आणि टकटक, विसावा घेतल्यासारखी. पुन्हा तीच चाल, आणखी खाली. अशी नऊ आवर्तनं. खर्ज मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे दर वेळी त्याच सुरावटीचं खर्जाशी नातं बदलतं. आरंभी जी आकाशात होती ती हळूहळू आपल्या उंचीला येते, आणि शेवटी पायांखाली. क्रुमहॉर्नची नऊ सुरांची धाव संपली की त्याची ओळ खालच्या वाद्यानं उचलायची. ती अदलाबदल डोळ्यांना दिसत होती. वादक एकमेकांकडे पाहून श्वास घेत होते.

कार्यक्रमानंतर रेकॉर्डर वाजवणाऱ्या प्रौढ बाईंशी बोलणं झालं. ओला रेकॉर्डर त्या कापडानं आतून पुसत होत्या. मी विचारलं, ओकेगेमवरून पॅर्टवर येताना मनात काही बदलावं लागतं का? त्यांनी डोकं हलवलं. फुंक तीच, बोटं तीच, मोजणं तेच, असं त्यांचं म्हणणं. फक्त पॅर्टमध्ये लपायला जागा आणखी कमी. एका सुराची सुरुवात चुकली तर ती चूक चर्चभर ऐकू जाते. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे तो सतत वाजणारा सूर कोण धरतं? तंबोऱ्याबद्दल मी सांगितलं, मिरजेच्या भोपळ्यांबद्दल सांगितलं, जव्हारीचा दोरा तारेखाली सरकवून झंकार कसा उघडतात तेही सांगितलं. त्या शिष्येसारख्या ऐकत होत्या. दोऱ्याचं त्यांना फार कौतुक वाटलं, कारण पडद्यांसाठी त्यांचे व्हायलवादकही दोराच बांधतात.

पुढे लाउलास्मालाही जाऊन आले. टालिनपासून पस्तीसेक किलोमीटर पश्चिमेला, समुद्राकाठच्या पाइनच्या जंगलात पॅर्टचं केंद्र आहे. स्पेनच्या निएतो आणि सोबेहानो या वास्तुकारांनी बांधलेलं, ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडलेलं. बाहेर पाइनची खोडं आणि आत बारीक खांब. मध्ये मोठाल्या काचा, त्यामुळे खांब कुठे संपले आणि जंगल कुठे सुरू झालं ते चटकन कळत नाही. एका अंगणात छोटं प्रार्थनाघर आहे, एक मनोरा आहे आणि दीडशेएक माणसांचं सभागृह आहे. गप्प वर्षांतल्या त्या वह्या याच केंद्राच्या संग्रहात जपून ठेवल्यात. वाचनालयात बसून मी बराच वेळ त्या वर्षांचाच विचार केला. सात-आठ वर्षं एक माणूस दुसऱ्यांच्या सुरावटी गिरवत बसला, तेव्हा कुठे त्याची स्वतःची एक ओळ आली.

जुन्या वाद्यांवर नवं संगीत लिहिण्याचा नाद आता युरोपभर आहे. लंडनचा ‘फ्रेटवर्क’ हा व्हायलवादकांचा वृंद १९८६ पासून जुन्याबरोबर आजच्या रचनाकारांचंही वाजवतो आहे. मायकेल नायमननं त्यांच्यासाठी लिहिलंय. स्टीव्ह राइशही १९९५ च्या ‘प्रोव्हर्ब’मध्ये नोत्र दामच्या पेरोतँकडे वळला. यातलं काही फार सुंदर आहे. पण जुन्या सुरावटीखाली एखादं यांत्रिक आवर्तन सोडून द्यायचं आणि त्याला संगम म्हणायचं, असंही पुष्कळ ऐकायला मिळतं. त्यात दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या असतात, इतकंच. क्रुमहॉर्न तिथे केवळ रंगासाठी असतो; काढून सिंथेसायझर ठेवला तरी काही बिघडत नाही. टालिनची गोष्ट निराळी, कारण तिथे नव्या संगीताचे नियमच ओकेगेम आणि दुफायकडून आले, आणि त्या नियमांना लागणारा न थरथरणारा सूर जुन्या वाद्यांत आयता होता. वाद्य बदललं की रचनेचा अर्थ पातळ होतो. माझ्या मते खऱ्या मिलाफाची कसोटी एवढीच आहे, आणि आपल्याकडच्या फ्यूजनलाही ती लावून पाहावी.

वाचकांना एक विनंती. हे ऐकायचं असेल तर ‘फ्रात्रेस’पासून सुरुवात करू नका. आधी ओकेगेमच्या ‘मिसा प्रोलात्सिओनुम’चा पहिला भाग ऐका, लगेच त्यामागून ‘आर्बोस’ ऐका, जमलं तर रेकॉर्डरवरची. मग दुफायचं एखादं गाणं. ‘फ्रात्रेस’च्या बऱ्याच आवृत्त्यांत खर्ज पांढरी सहाच्या पट्टीत असतो. तुमच्याकडच्या ध्वनिमुद्रणाची पट्टी तपासा, तंबोरा त्याच षड्ज-पंचमात लावा, आणि तो चालू ठेवून ऐका.